कापलेली पिन

पहिला पॉवर सप्लाय मी हातोडीनं फोडला. बजाजनगरला आमच्या घरापुढच्या ओट्यावर, भर दुपारी, शेजारच्या बाया हातातली कामं सोडून बघत होत्या तेव्हा. माझ्या गिटारच्या पेडलांना वीज पुरवणाऱ्या त्या डब्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की ह्याचं प्रत्येक आउटपुट आयसोलेटेड आहे, म्हणजे एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. मी मल्टिमीटरची एक सुई एका आउटपुटच्या निगेटिव्हला लावली, दुसरी शेजारच्याला, आणि मीटर किंचाळला. संबंध नसता तर तो गप बसला असता. स्क्रू काढून बघितलं तर आत सगळ्या वायरी एकाच जागी सोल्डर केलेल्या. मग मी स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवला आणि हातोडी घेतली.

"याड लागलं का गं तुला?" आई आतून ओरडली.

"खोटं बोललाय हा डबा," मी म्हणाले आणि आणखी दोन घाव घातले.

मला खोटं लिहिलेलं सहन होत नाही. वाळूजच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. दिवसभर गेज लावून लोखंडाचे तुकडे तपासायचे आणि जो मापात बसत नाही तो लाल पेटीत फेकायचा, हे माझं काम. फेकताना मला बरं वाटतं. सुपरवायझर म्हणतो, मॅडम, हळू ठेवा, फेकू नका. मी फेकतेच.

स्वभाव घराचाच आहे. आमच्या घरात तोंडाआधी हात चालतो. वडिलांचा चालायचा, आईचा तर हातात जे असेल त्यासकट चालायचा. दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, भुवईत माझ्या स्टीलच्या पट्टीची खूण आहे आणि माझा पुढचा दात त्याच्या कोपरानं तिरका झालेला आहे. दोघांनाही त्याचं काही वाटत नाही. दुपारी एकमेकांना बडवायचं आणि संध्याकाळी एकाच ताटात भाकरी मोडायची, अशीच आमची रीत. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांकडं असंच असतं.

वहिनी आली तेव्हा कळलं की नसतं. ती फर्दापूरची. लेणी बघायला येणाऱ्यांसाठी तिच्या वडिलांचं चहाचं हॉटेल होतं आणि ही गल्ल्यामागं बसून दिवसभर गायची. लग्नानंतर पहिल्यांदा मी आणि दादा पाण्याच्या मोटरीवरून एकमेकांच्या अंगावर गेलो, तेव्हा ती भिंतीला चिकटून उभी राहिली. संध्याकाळी आम्ही हसत जेवायला बसलो तर हिचा घास खाली उतरेना. "तुमी खरंच भांडला होता ना?" तिनं मला मोरीत गाठून विचारलं. मी म्हणाले, व्हय, पण ते झालं की. तिनं माझ्याकडं जे बघितलं ते अजून आठवतं.

दादाचा ऑर्केस्ट्रा आहे. हळदी, बारशी, वाढदिवस, गणपती, जयंत्या, कुठल्याही सुपारीला नाही म्हणत नाही. तो स्वतः ऑक्टोपॅड वाजवतो आणि आवाजाचा मिक्सरही सांभाळतो, वहिनी गाते, एक कीबोर्डवाला आहे, आणि सुट्टीच्या दिवशी बेस गिटारवर मी. बेस कशाला पाहिजे, कीबोर्डवरच वाजतो की, असं दादा वर्षानुवर्षं म्हणायचा. बेस कानाला नाही, पोटाला ऐकू येतो हे त्याला पटायला वहिनी यावी लागली. ती म्हणाली, ताई वाजवत असल्या की पायाखाली जमीन आहे असं वाटतं. त्या दिवसापासून मी तिच्यासाठी वाजवते, हे दादाला अजून माहीत नाही.

माझ्यापुढं पेडलबोर्ड असतो. लोखंडी चौकट आणि तिच्यावर चिकटवलेली, पायानं दाबायची पेडलं. एक सूर दाखवतं, एक आवाजाचा चढउतार आवरतं, एक खालचं सप्तक जोडतं, एक आवाज फाडतं. फाडणारं माझं लाडकं. ह्या प्रत्येकाला वेगळी वीज लागते आणि सगळं दुखणं तिथंच आहे. बरेच दिवस मी एकाच अडॅप्टरवर साखळीसारखी वायर लावून सगळ्यांना जगवत होते. चाळीत एका नळावर सगळे भाडेकरू असले की एकाच्या बादलीची घाण दुसऱ्याच्या हंड्यात येतेच. डिजिटल पेडल सगळ्यांत हावरट, ते चालू केलं की बाकीच्यांचा जीव जायचा आणि स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज सुरू व्हायचा. एका हळदीत नवरदेवाच्या चुलत्यानं मला विचारलं, "ताई, विजेची डीपी सोबत घेऊन फिरता का?" सगळा मांडव हसला. माझ्या हातात तेव्हा गिटार होती म्हणून तो वाचला.

त्या आवाजावर दादाकडं एकच औषध होतं. नवीन सामान आलं की तो त्याला हळदकुंकू वाहायचा, नारळ फोडायचा आणि मग पक्कड घेऊन त्याच्या प्लगची वरची जाड पिन कापून टाकायचा. अँप असो, मिक्सर असो, एक्स्टेन्शन बोर्ड असो. ती पिन अर्थिंगची. ती गेली की घूं बऱ्याचदा जातं हे खरं आहे. शिवाय मांडववाले जो बोर्ड देतात त्याला दोनच भोकं असतात, तीन पिनांचा प्लग तिथं बसतच नाही. म्हणून आमच्याकडचे सगळे ऑर्केस्ट्रावाले, डीजेवाले हेच करतात. मला एकदा दादाच्या एका दोस्तानं त्याच्या कापलेल्या पिनांनी भरलेली बरणी कौतुकानं दाखवली होती.

खोटा डबा फोडल्यावर मी हट्टाला पेटले. आता जो सप्लाय घेईन तो असा घेईन की कुणाची बोलायची टाप होणार नाही. पैठण गेटकडच्या एका दुकानात मी मल्टिमीटर घेऊनच गेले. दुकानदार म्हणाला, "दीदी, ओरिजनल है, आँख बंद करके ले जाओ." मी म्हणाले, डोळे उघडेच ठेवते. एकेका आउटपुटला सुया लावल्या, मीटर गप. प्रत्येक पेडलला किती मिलिअँपिअर लागतात ते मी घरून पाठ करून गेले होते आणि हावरट पेडलसाठी वेगळं मोठं आउटपुट आहे ना ते बघितलं. मग माझी पेडलं त्याला जोडून तिथंच स्टुलावर बसले आणि डबा तापतो का ते हात ठेवून बघत राहिले. दुकानदारानं दोनदा चहा पाजला, तिसऱ्यांदा जेवायची वेळ झाली असं सुचवलं. डबा वजनदार होता, आत खरा ट्रान्सफॉर्मर, लोखंडी कवच आणि तीन पिनांची जाड वायर. ती जाड पिन बघून मला दादाची पक्कड आठवली.

घरी आल्या आल्या मी त्याला बजावलं, "ह्याला हात लावायचा नाय. नारळ फोड, आरती कर, काय करायचं ते कर. पक्कड दिसली तर तुझीच बोटं कापीन."

"एवढं काय सोनं लागलंय त्या पिनीला?"

"जीव लागलाय. डब्यात कुठं काही बिघडलं तर करंट त्या पिनीवाटं जमिनीत जातो, माणसातून जात नाय."

"वीस वर्षं झाली, कोण मेलंय?" दादा म्हणाला. मग आमचं जुंपलं, त्यानं माझा हात पिरगाळला, मी त्याच्या दंडाला चावले, आणि शेवटी त्यानं आईची शपथ घेतली की पिन कापणार नाही. आई शेंगा सोलत होती. माझी शपथ घेऊ नका, म्हणाली, मला अजून जगायचंय.

ती हळद दौलताबादच्या पुढं एका शेतवस्तीवर होती. दुपारचं ऊन, घरासमोर मांडव, आणि आम्हाला वाजवायला जुने लाकडी तक्तपोस जोडून केलेलं गुडघाभर उंचीचं स्टेज. मी पोचले तेव्हा सामान लागलेलं होतं, कारण मी कंपनीतून थेट गेले होते आणि वायरिंग दादाकडं असायचं. बोर्डात वीज होती, पेडलांचे दिवे लागले होते, आणि घूं अजिबात नव्हतं. सप्लाय निवडावा तर असा, असं मी मनात म्हणाले. मला माझा फार अभिमान वाटला.

नवरीला न्हाऊ घालायला सुरुवात झाली आणि बायांनी एकमेकींवर पाणी उडवायला घेतलं. हळदीत असं होतंच. अंगणात चिखल झाला. वहिनी बिनवायरीचा माईक घेऊन खाली उतरली, चपला कुठंतरी काढून टाकल्या आणि बायांच्या मधे नाचत गाऊ लागली. साडी घोट्यापर्यंत भिजलेली, गालाला कुणीतरी हळद फासलेली. मी तिच्याकडं बघून वाजवत होते. मला मुंग्यांसारखं काहीतरी बोटांना एकदोनदा जाणवलं, पण माझ्या पायात कंपनीचे रबरी सोलचे बूट होते, आणि त्या वेळी मला वाटलं की हात अवघडलाय.

गाणं संपवायची आमची दोघींची एक पद्धत होती. शेवटची ओळ झाली की ती माझ्यापाशी यायची आणि माझ्या तारांवर सपकन पंजा मारून आवाज बंद करायची. लोकांना ते आवडायचं. त्या दिवशीही ती चिखलातून धावत आली, स्टेजच्या कडेला उभी राहिली आणि हसत हसत चारही तारांवर पंजा मारला.

तो पंजा उठला नाही. तिची बोटं गिटारच्या मानेभोवती आवळली गेली आणि ती हसतानाचं तोंड तसंच ठेवून थरथरू लागली. घशातून एक बारीक आवाज येत होता, कोंबडीसारखा. मला कळायला जेवढा वेळ लागला तेवढ्याबद्दल मी अजून रात्री दात खाते. हात धरून ओढलं तर मीही चिकटले असते. मी पाय उचलला आणि बुटाची टाच तिच्या छातीत घातली. अर्धवट नाही, पूर्ण ताकदीनं. ती उलटी होऊन चिखलात पडली आणि डोकं जमिनीवर आपटल्याचा आवाज मला ऐकू आला.

मांडवानं काय बघितलं? नणंदेनं गाणाऱ्या भावजयीला लाथ घातली, एवढंच. एका म्हाताऱ्या बाईनं माझी वेणी धरून मला स्टेजवरून खाली खेचलं. कुणीतरी पाठीत गुद्दा घातला. "करंट हाय! मेन बंद करा!" मी ओरडत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. मग दादा आला. त्यानं विचारलं नाही, सरळ माझ्या कानाखाली अशी ठेवून दिली की डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली. मी हाताला लागलेला माईकचा स्टँड उचलून त्याच्या खांद्यावर हाणला. त्याला वाचवायला नवरीकडचे दोघं आले, त्यांना मीच मारतेय असं समजून कीबोर्डवाला मधे पडला आणि त्याचंच नाक फुटलं. एक स्पीकर कलंडला, हळदीचं पातेलं सांडलं. ह्या सगळ्यात वहिनी चिखलात पडली होती आणि एक पोरसवदा नवरी, अंगभर हळद, तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मेन बंद केली ती नवरीच्या आईनं.

ती वाचली. दवाखान्यात छातीची ईसीजीची पट्टी काढली, ती ठीक निघाली. डोक्याला टेंगूळ, छातीवर माझ्या टाचेचा काळानिळा गोल, आणि उजव्या तळहातावर चार भाजलेल्या रेघा, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. मला वाटत होतं, माझ्या सप्लायनं केलं हे. मी निवडला, मी मीटर लावला, मी मिरवला, आणि मीच तिला मारायला निघाले होते.

दादालाही तेच वाटत होतं, किंवा तसं म्हणणं त्याला सोयीचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेम्पोतून टॉमी, म्हणजे चाक खोलायची लोखंडी कांब, घेऊन आला. "तुझ्या त्या डब्याला आता मी दाखवतो," म्हणाला. मी पेडलबोर्डावर आडवी पडले. म्हणाले, आधी उघडू दे, मग दोघं मिळून फोडू.

बोर्ड उलटा केल्याबरोबर दिसलं. टेम्पोत भरताना त्यावर स्पीकर ठेवलेला होता आणि सप्लायची वायर चौकटीच्या धारेखाली चेंगरून सोलली होती. उघडी तार लोखंडाला टेकली होती. चौकटीतून पेडलांत, पेडलांतून वायरीत, वायरीतून माझ्या तारांत सगळीकडं वीज उतरली होती. असं कुणाचंही होऊ शकतं. पण जाड पिन असती तर त्या क्षणी फ्यूज उडाला असता आणि आम्ही दोन शिव्या घालून तो बदलला असता. मी वायर हातानं ओढत ओढत प्लगपर्यंत गेले. प्लगला दोनच पिना होत्या.

"शपथ घेतली होतीस," मी म्हणाले.

"त्यांच्या बोर्डाला दोनच भोकं होती. काय करू मग? प्रोग्राम बंद ठेवू?"

टॉमी त्याच्या हातात होता, तो माझ्या हातात कसा आला मला सांगता येणार नाही. वडील मधे पडले नसते तर दादाचं मनगट गेलं होतं. मार त्याच्या मांडीवर बसला. तो खाली पडला, मी त्याच्या अंगावर बसले आणि दमेपर्यंत मारलं. त्यानं हात वर केला नाही. नंतर तो उठला, तोंड धुतलं, आणि संध्याकाळी लंगडत माझ्यासाठी कचोरी घेऊन आला. मी ती खाल्ली. वहिनी पलंगावर बांधलेला हात उशीवर ठेवून आमच्याकडं बघत होती.

गावभर मात्र लाथच फिरत होती. फर्दापूरहून तिची आई आली, ती माझ्या हातचं पाणी घेईना. तेव्हा वहिनीनं तिला सांगितलं, "आई, ह्या ताईंनी लाथ घातली म्हणून मी तुझ्याशी बोलायलेय." त्यानंतर तिची आई माझ्या पाया पडायला निघाली. ते मला लाथेपेक्षा जड गेलं.

पण वहिनी गाईना. हात बरा झाला, रेघा पांढऱ्या झाल्या, तरी स्वयंपाकघरातसुद्धा गुणगुणणं बंद. वाटणाचा मिक्सर लावताना ती लाकडी पाटावर उभी राहायची. एकदा मी तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, "गायचंय ओ ताई. लई गायचंय. गाणं गेलं तर माझ्यात राह्यलं काय? पण तारा दिसल्या की तळवा आवळतो आपोआप." मला त्या वेळी जगातली सगळी वीज बंद करावीशी वाटली. तिला पुन्हा उभी करायची, एवढं एकच माझ्या डोक्यात राहिलं.

जुना डबा तिच्या नजरेसमोर नको होता, म्हणून नवीन सप्लाय घ्यायला मी तिलाच सोबत नेलं. दुकानदारानं मला बघून आधी स्टूल आत घेतलं. मी पुन्हा ट्रान्सफॉर्मर, मिलिअँपिअर, फ्यूज सुरू केलं. वहिनी ऐकत होती. मधेच तिनं दुकानदाराला विचारलं, "ह्याची पिन कुणी कापली तर?"

"तो फिर गॅरंटी नहीं, भाभी."

"मग ज्याला पिनच नाय असा दाखवा."

दुकानदारानं खालच्या कप्प्यातून एक डबा काढला. असा असतो. चार्ज करून नेता येणारी बॅटरी, आत प्रत्येक पेडलसाठी वेगळं आउटपुट. घरी चार्ज करायची, मांडवात कुठल्याच बोर्डाला लावायची नाही. मी इतके महिने मीटर घेऊन हिंडत होते, पण कापणारा हात घरातच आहे हे धरून निवड करायची, हे मला सुचलं नव्हतं. मी त्याला मीटर लावला, गप बसला. हावरट पेडल जोडलं, चाललं. वहिनीनं तो डबा आपल्या पिशवीत घातला आणि घरापर्यंत मांडीवर ठेवला.

तरी एक राहत होतं. पेडलं बॅटरीवर गेली, पण गिटारची वायर शेवटी दादाच्या मिक्सरला जाते आणि मिक्सर मांडवाच्या विजेवर चालतो. ते मी वहिनीला समजावून सांगितलं, लपवलं नाही. तिनं दादाला दोन अटी घातल्या. सगळ्या प्लगांना नवीन तीन पिना, आणि पहिल्या प्रोग्रामला ती माझ्या तारांना हात लावायच्या आधी तो लावेल. ओल्या मातीत, अनवाणी. दादा म्हणाला, "एवढंच ना? नाचून दाखवतो." त्यानं घरी सगळे प्लग बदलले. मी एकेक करून बघितले, पिना ओढून बघितल्या. मांडववाल्याला फोन करून तीन भोकांचा बोर्ड ठेवायला सांगितला.

प्रोग्राम वाळूजजवळच्या एका लॉन्सवर होता, पुन्हा हळदच, सकाळी. सगळं लागलं. माझ्या डब्याचा हिरवा दिवा, पेडलं गार, आवाज स्वच्छ. वहिनीनं तांब्याभर पाणी आणलं आणि स्टेजसमोरच्या मातीत ओतलं. गाणं ऐकायला बसलेल्या बायांना वाटलं काहीतरी पूजा आहे.

"या," ती दादाला म्हणाली.

दादा हसत आला. चपला काढल्या. चिखलात उभा राहिला. मी गिटार पुढं केली. त्यानं हात उचलला, तारांपासून वीतभर अंतरावर आणला आणि तिथंच थांबला. मला वाटलं गंमत करतोय. मग त्याच्या कपाळावरचा घाम दिसला.

"लावा की," वहिनी म्हणाली.

"एक मिनिट. जरा मिक्सर बघून येतो." त्यानं हात मागं घेतला, चिखलाच्या पायांनी मिक्सरमागं गेला आणि बोर्डातून प्लग ओढला. मिक्सरचे सगळे दिवे गेले. मी त्याच्या मागोमाग गेले होते. त्याच्या हातातल्या प्लगला दोन पिना होत्या आणि तिसरीच्या जागी पितळ लखलखत होतं. म्हणजे कापून ताससुद्धा झाला नव्हता.

"घूं लई येत होतं गं," तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "म्हटलं तू बॅटरीवर आहेस, काय होतंय. आता लावतो दुसरा, थांब."

अट नसती तर तिला त्यानं बिनदिक्कत हात लावू दिला असता. स्वतःचा हात लावायची वेळ आली तेव्हा त्याला घाम फुटला. हे माझ्या डोक्यात पोचलं आणि मी बाजूचा स्पीकरचा लोखंडी पाइप उपसला. आई-बाप, भाऊ, हळद, काही दिसेना. मी तो डोक्यावरून मागं नेला आणि कुणीतरी माझं मनगट धरलं. वहिनीचा उजवा हात होता, तो भाजलेला.

"मारू नका, ताई."

"सोड मला."

"मारू नका. तुमी मारलं की ह्यांचं फिटतं. मागच्या टायमालाबी फिटलं. मार खाल्ला, कचोरी आणली, झालं." तिचा आवाज चढला नव्हता. "माझं फिटलं नाय अजून."

मी पाइप खाली ठेवला. तिनं माईक मिक्सरवर ठेवला, चपला शोधून पायात घातल्या, चिखलाच्या पायांनीच. दादाकडं तिनं एकदाही बघितलं नाही. लॉन्सच्या फाटकाबाहेर रिक्षा उभी होती, ती त्यात बसली आणि बसस्टँडला चला म्हणाली. मी पेडलबोर्ड उचलला, गिटार खांद्याला लावली आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.

रिक्षा वळताना मी मागं बघितलं. दादा तिथंच होता. डोळे मिटलेले, खांदे वर ओढलेले, मान आत घेतलेली. आम्ही गेलो हे त्याला कळलं नव्हतं. तो माराची वाट बघत होता.